वीस-बावीस वर्षांनी राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातल्या तलावावर परत जायचं आहे. पूर्वीसारखं काही उरलं असेल का, आणि कुठल्या महिन्यात जावं?

जावा, मे महिन्यात जावा. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. सगळे तेव्हाच जा म्हणून सांगतात आणि मीही तेच ऐकून फसलो.

आमची पहिली खेप १९९९ च्या मे महिन्यातली. मी दहा वर्षांचा, थोरला अठराचा. वडिलांनी कोल्हापुरात रंकाळा स्टँडवरून एसटीत बसवलं आणि दाजीपूरला उतरवलं. तिथून लक्ष्मी तलावाच्या, म्हणजे राधानगरी धरणाच्या, मागच्या पाण्याकडं चालत गेलो. पाणी पार आत गेलेलं, नुसती भेगाळलेली माती. त्या मातीत एक दगडी जोतं होतं, कुणाच्या तरी घराचं. त्यावर बसून आम्ही भाकरी, खर्डा आणि भरलं वांगं खाल्लं. जोत्याच्या एका दगडात उखळ कोरलेलं होतं. थोरल्यानं त्यात तांब्यातलं पाणी ओतून कैरी धुतली. हे मला लख्ख आठवतं.

थोरला म्हणतो, असलं काही नव्हतंच. "खुळा हाईस काय? तळ्यात कुठलं घर आलं? सपान बघितलंयस तू." तेवीस वर्षं हेच. कुणाचं लग्न असो की बारसं, पंगतीत विषय निघतोच. वडिलांना विचारलं की ते दोघांनाही म्हणतात, "असंल."

म्हणून २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मुद्दाम गेलो. तलाव काठोकाठ. झाडांच्या बुंध्याला पाणी टेकलेलं, हिरवंगार, फोटोला झकास. जोतं कुठलं दिसायला? थोरल्याला कळलं तसा फोनवर पाच मिनिटं हसत होता.

चूक माझीच. जुलै-ऑगस्टला राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पंचगंगेकाठच्या माणसाचा जीव टांगणीला लागतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे पावसाळ्यात तलाव भरतो. पुढं तेच पाणी भोगावतीत सोडत सोडत उसाला जातं, आणि मे उजाडेपर्यंत तळ उघडा पडतो. शाहू महाराजांनी हे धरण बांधायला घेतलं ते शेतीसाठीच, आपल्या सहलीसाठी नव्हे. एवढं माहीत असून मी नोव्हेंबरात गेलो!

२०२४ च्या मेमध्ये परत गेलो. गावातले एक मामा बरोबर आले. त्यांना जोत्याचं विचारलं तर मानसुद्धा वर न करता म्हणाले, "हाय की, चला." वीसेक मिनिटं भेगांवरून चाललो. पायाखाली शिंपल्यांचा चुरा होत होता आणि मधेमधे काळे पडलेले खुंट उभे होते. जोतं होतं, पण आठवणीतल्यापेक्षा बरंच लहान; आमच्या न्हाणीघराएवढंच असेल. उखळ गाळानं बुजलेलं. मी गाडीच्या किल्लीनं उकरायला बसलो. वरचा थर खापरासारखा कडक, खाली ओल. कोपरभर खोल गेल्यावर गुळगुळीत तळ हाताला लागला. मामा बिडी ओढत शांत बघत होते. फोटो काढून थोरल्याला पाठवला. उत्तर आलं, "हे दुसरं असंल."

तुमच्या प्रश्नाचं राहिलंच. बदललंय ते असं की हॉटेलं वाढलीत आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. जंगल मात्र बऱ्यापैकी टिकलंय. दाजीपूर १९५८ पासून राखीव आहे, १९८५ मध्ये राधानगरी अभयारण्य म्हणून हद्द वाढली, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. गवे दिसतात. त्यांना बायसन म्हणू नका, बायसन अमेरिकेत. आपला तो गवा. शेकरू दिसलं तर नशीब.

आणि हो, वर मे म्हणालो खरा, पण ऊन मरणाचं असतं. पाण्याजवळचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत गुडघाभर रुततो, एकट्यानं त्यावर जाऊ नका. गवे संध्याकाळी पाण्यावर येतात, त्याच्या आत माघारी फिरा. पावसाळ्यात अभयारण्य बंदच असतं. पाणी दरवर्षी सारखंच खाली जातं असंही नाही, तेव्हा आधी गावात कुणाला तरी विचारून घ्या.

लहानपणी ज्यांच्याबरोबर गेला होता त्यांना घेऊनच जा, फोटोवर कोण विश्वास ठेवत नाही. आमचा थोरला यायला तयार नाही. गुडघा दुखतो म्हणे. रंकाळ्याला मात्र रोज सकाळी पुरी फेरी मारतो.