भाच्याची रायफल आणि तिकडचं सांबर

प्रश्न : नमस्कार सर. माझा भाचा मेलबर्नला असतो, आता तिथला नागरिकही झाला. ऑफिसमधल्या लोकांसोबत दोनदा डोंगरात सांबराच्या शिकारीला जाऊन आला, नुसता बघायला, आणि आता स्वतःची रायफल घेतो म्हणून राहिला. लायसन्स मिळालंय. त्याला एकच घ्यायची आहे, हलकी पाहिजे, आणि मोठ्या सांबरापासून लहान हरणापर्यंत सगळ्याला चालली पाहिजे. दुकानदार म्हणतो ६.५ क्रीडमूर घे, मित्र म्हणतो थ्री हंड्रेड मॅग्नमशिवाय घेऊच नको. त्याच्या आजोबांकडे ३१५ बोर होती म्हणून तो मला विचारतो, आणि मला टिकल्यांच्या बंदुकीपलीकडे काही समजत नाही. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, सांबराला मारणार म्हणून वेगळीच रुसून बसली आहे. काय सांगू? पुढेमागे तो रायफल इकडे आणू शकेल का? आमच्या काटोलच्या शेतात रानडुकरांनी जीव नकोसा केलाय.
— एक मामा, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : मामा, आधी ताईंचं बघू, कारण त्यांचा राग मला समजतो. आपण पेंचला जातो, जिप्सीतून सांबर दिसलं की सगळे गप्प होतात, त्याचा अलार्म कॉल आला की गाइड म्हणतो वाघ जवळच आहे, आणि तेच सांबर पोरगा मारणार म्हणजे काय. पण व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, हे जनावर मूळचं नाहीच. १८६० च्या दशकात तिकडे नेऊन सोडलेलं, जात तीच आपली, फक्त मागे लागायला वाघ नाही, ढोल म्हणजे आपले रानकुत्रे नाहीत, मग वाढतच गेलं आणि तिथल्या जंगलाची झाडंझुडपं खाऊन, खोडं घासून नासाडी करून राहिलं. म्हणून तिकडे परवाना काढून शिकार कायदेशीर आहे. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, त्यात सुरुवातीला परवान्यावर थोडीफार शिकार चालायची तीही १९९१ च्या दुरुस्तीत बंद झाली. ताईंना एवढं सांगून बघा. तरी नाही पटलं तर नाही पटलं, तो मायलेकाचा मामला आहे, आपण मध्ये पडू नये.

आता रायफल. दुकानदाराची ६.५ क्रीडमूर वाईट नाही, उलट फार गोड काडतूस आहे, धक्का कमी, नेम मस्त, २००७ मध्ये आलं आणि जगभर चाललं. पण एक गोची आहे. व्हिक्टोरियात सांबरासाठी वर्षानुवर्षं नियम असा राहिला की कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी कमीत कमी .२७० इंच आणि बुलेट कमीत कमी १३० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). ६.५ चा व्यास .२६४ इंच. म्हणजे सहा हजारांश इंचाने नापास! नियम बदलत असतात, त्यामुळे भाच्याला म्हणा पैसे द्यायच्या आधी तिथल्या गेम मॅनेजमेंट अथॉरिटीचा, म्हणजे शिकारीचं बघणाऱ्या सरकारी खात्याचा, आजचा नियम स्वतः वाच, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नको. आणि रायफल बाळगायचं लायसन्स वेगळं, हरणाच्या शिकारीचं गेम लायसन्स वेगळं, दोन्ही लागतात. यातलं त्याला बहुतेक माहीत असेल, तरी विचारा.

मित्राची थ्री हंड्रेड मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं दांडगं काडतूस, का नको ते सांगतो, आणि इथे जरा थांबावं लागेल कारण सगळा घोळ "हलकी" या शब्दात आहे.

रामटेकला गडमंदिराच्या पायऱ्या चढताना हातात चार किलो संत्र्यांची पिशवी घ्या आणि मग तीन किलोची घ्या, वर पोचेपर्यंत फरक कळतो. व्हिक्टोरियातले डोंगर त्याहून खडे, एक धार चढायची, नाल्यात उतरायचं, परत चढायचं, असा दिवसभर, म्हणून पोरगा हलकी मागतो ते बरोबरच आहे. पण रायफलचं वजन कमी केलं की धक्का वाढतो आणि तो हिशोब कुणाला चुकत नाही. तेच काडतूस ३.६ किलोच्या रायफलीतून मारलं आणि २.७ किलोच्या रायफलीतून मारलं तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने जास्त. थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६) या जुन्या नावाजलेल्या काडतुसाची १८० ग्रेनची गोळी ३.६ किलोच्या रायफलीतून साधारण २७ जूल देते खांद्याला, २.७ वर ३६ च्या आसपास. मॅग्नमचं मग बोलूच नका.

मी हे स्वतः भोगलंय. परदेशात एका मित्राच्या शेतावर त्याची नवीकोरी थर्टी-ऑट-सिक्स मारायला घेतली, दुर्बीण सोडून अडीच किलोच्या आत, हातात घेतली तर वाटलं छत्री धरलीय. पहिला बार मस्त. दुसऱ्याला स्कोपची कड भुवईला लागली, रक्त आलं, हसलो. तिसरा डावीकडे खाली गेला, मी म्हटलं वारा आहे. मित्र काही बोलला नाही, त्याने चौथ्या वेळी मला न सांगता मॅगझिनमध्ये नकली काडतूस भरलं. मी ट्रिगर दाबला, नुसतं टक् झालं, आणि नळी मात्र वीतभर खाली गेली आणि माझे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले! बारच झाला नव्हता. तीस वर्षं रेंजवर घालवलेला माणूस, तीन गोळ्यांत धक्क्याला घाबरायला लागलो होतो, तर नवीन पोराचं काय होईल. तो घाबरून पोटात गोळी मारेल आणि जनावर दरीत उतरून दोन दिवस तडफडत मरेल. ताई रुसल्या आहेत ना, खरं रुसायचं कारण ते.

म्हणून माझं मत, आणि हे मतच आहे, की हलक्या रायफलीत मध्यम काडतूस घालावं. दोनच नावं सांगतो. एक .३०८ विंचेस्टर, १९५२ चं, कुठल्याही गावातल्या दुकानात गोळ्या मिळतात. दुसरं ७ एमएम-०८ रेमिंग्टन, १९८० मध्ये आलं, .३०८ चीच केस म्हणजे पितळी नळकांडं गळ्याशी आवळून त्यात ७ मिलिमीटरची बुलेट बसवलेली. व्यास .२८४ म्हणजे नियमात बसते, १४० ग्रेनची गोळी घ्यायची, धक्का .३०८ पेक्षाही कमी. आणि ताकद म्हणाल तर जुन्या ७ बाय ५७ माउझर काडतुसाच्या अगदी जवळ, ज्याला इंग्रज .२७५ रिग्बी म्हणायचे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये जिम कॉर्बेटला भेट मिळालेली रायफल याच काडतुसाची होती, हे भाच्याला सांगा म्हणजे मॅग्नमवाल्या मित्राला तोंड देता येईल. जंगलातलं सांबर बहुतेक वेळा शंभर मीटरच्या आतच दिसतं, तीनशे किलोचा नर असला तरी फुप्फुसातून गेलेली चांगली फुटणारी गोळी पुरते.

भाचा अंगाने किरकोळ असेल तर ७ एमएम-०८, नाहीतर .३०८. मी असतो तर ७ एमएम-०८ घेतली असती.

रायफल कोणती? फिनलंडची टिक्का टी३एक्स लाइट बघायला सांगा, दुर्बिणीशिवाय २.९ किलोच्या आसपास, बोल्ट लोण्यासारखा चालतो, सिंथेटिक स्टॉक, म्हणजे खांद्याला टेकवायचा दस्ता लाकडाचा नाही, म्हणून पावसात फुगत नाही. दुर्बीण आणि माउंटचे अर्धा किलो, पट्टा, चार गोळ्यांचे शंभर ग्रॅम, असं मिळून साडेतीनच्या आसपास जातं, आणि मला वाटतं नवीन माणसाने याच्या खाली जाऊ नये. किंबर मॉन्टाना अडीच किलोच्या आत येते, फार सुंदर वस्तू आहे, पण ती दुसरी रायफल म्हणून. दुर्बीण मोठी घेऊ नको म्हणा, २ ते ७ किंवा ३ ते ९ झूम, झाडीत यापेक्षा जास्त लागत नाही. दुकानात खांद्याला लावून बघायची, डोळे मिटून लावायची, उघडले की दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला पाहिजे, मान पुढेमागे करावी लागली तर स्टॉक त्याच्या मापाचा नाही. पातळ बॅरल तीन बारांत तापतं आणि गोळ्या पसरायला लागतात, त्यात रायफलीचा दोष नाही, थंड होऊ द्यायचं, तोवर चहा प्यायचा. आणि आधी स्वस्त, बारीक धक्क्याच्या .२२ रायफलीवर पाचशे गोळ्या मारायला लावा, ते नकली काडतूसही कुणालातरी भरायला सांगा.

इकडे आणायचं मात्र डोक्यातून काढा. आजोबांची ३१५ का होती माहीत आहे? बोर म्हणजे नळीचं माप; फौजी बोर, .३०३ आणि ७.६२, सामान्य माणसाला बंद, म्हणून इशापूरच्या कारखान्यात ३१५ बनायची. .३०८ च्या रायफलीत फौजेची ७.६२ जाते, म्हणजे ती इथे प्रोहिबिटेड बोर, सामान्य माणसाला मनाई असलेली. आणि ७ एमएम असली तरी परदेशातून शस्त्र आणायला वेगळा परवाना लागतो, तो भाच्याच्या हौसेखातर कुणी देणार नाही. काटोलच्या डुकरांसाठी वनखात्याकडे अर्ज करा, पीक नुकसानीचा पंचनामा करून भरपाई मागा, परवानगीशिवाय एक बार काढला तरी तुम्ही आत जाल आणि भाचा तिकडे मजेत राहील.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे, शाळेतल्या मैत्रिणीचं बघून एअर रायफल मागते. लायसन्स लागतं का? — एक आई, मानेवाडा

उत्तर : .१७७ म्हणजे साडेचार मिमीची आणि २० जूलच्या आतली असेल तर नाही लागत, दहा मीटरच्या स्पर्धेच्या सगळ्या त्यातच बसतात. पण ताई, लगेच विकत घेऊ नका, तीन-चार महिने क्लबच्या रायफलीवर जाऊ द्या, तिथे तिचा खांदा आणि हाताची लांबी बघून मग माप ठरवतात. आणि गच्चीवरून कबुतरांवर नेम धरलेला दिसला तर त्याच दिवशी कपाटात कुलूप!