कर्करोगकारक रसायन दिल्यावर रॅटच्या यकृतातलं एक एन्झाइम वाढतं, दुसरं घटतं. असं का?

तुमचा प्रश्न असा: डायएथिलनायट्रोसामीन (यकृतात गाठी आणणारं कर्करोगकारक) दिलेल्या रॅटच्या यकृतात गॅमा-जीटी (गॅमा-ग्लुटामिल ट्रान्स्फरेज) हे एन्झाइम वाढलं, ग्लुकोज-६-फॉस्फेटेज (यकृतातून रक्तात साखर सोडायला लागणारं एन्झाइम) घटलं, मग हे रसायन एन्झाइमला चेतवतं की मारतं? मी कोल्हापुरात बायोकेमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेतो. प्रोजेक्टच्या दिवसांत कुणी ना कुणी हे विचारतंच.

आधी उलट बाजूने बघा. अशी बरीच रसायनं मूळ रूपात डीएनएला हातही लावू शकत नाहीत, त्यांना धार लावतात ती यकृतातलीच पी-४५० एन्झाइम्स (बाहेरून आलेल्या रसायनांना ऑक्सिजन जोडणारी). बुरशी आलेल्या शेंगपेंडीतलं अफ्लाटॉक्सिन बी-१ हे बुरशीचं विष घ्या. पी-४५० त्याचं इपॉक्साइड (ऑक्सिजन जोडलेलं, जास्त क्रियाशील रूप) करतं आणि ते डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला चिकटतं. माउसच्या यकृतात ग्लुटाथायोन ट्रान्स्फरेज या विष निकामी करणाऱ्या एन्झाइमचा एक प्रकार हे इपॉक्साइड झटपट निकामी करतो, म्हणून माउस बराच तगतो. रॅटकडे ती सोय तोकडी, त्याला यकृताच्या गाठी होतात. म्हशीने तीच पेंड खाल्ली तर विषाचा काही भाग अफ्लाटॉक्सिन एम-१ होऊन दुधात उतरतो. कट्ट्यावर धारोष्ण दूध पिताना म्हैस काय खाते हे कोण विचारतंय म्हणा!

खरंखुरं चेतवणं बेन्झोपायरीन या धुरातल्या कर्करोगकारकात दिसतं. ते पेशीतल्या एएच रिसेप्टर या प्रथिनावर बसून स्वतःलाच धार लावणारं सीवायपी-१ए१ (एक पी-४५० एन्झाइम) वाढवतं.

तुमच्या आकड्यांचं मात्र वेगळं आहे. ते कितव्या आठवड्याचे, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. सुरुवातीच्या दिवसांतली घट बऱ्याचदा नुसत्या इजेची असते: पेशी फुटतात, एएलटी-एएसटी ही त्यांच्यातली एन्झाइम्स रक्तात गळतात. काही आठवड्यांनी यकृताचा काप घेऊन गॅमा-जीटीसाठी रंगवा. मोठ्या रॅटच्या जवळजवळ कोऱ्या उतीत नारिंगी-लाल पुंजके उठतात. लगतचा काप ग्लुकोज-६-फॉस्फेटेजसाठी शिशाच्या पद्धतीने रंगवा: सगळीकडे तपकिरी, आणि बऱ्याचदा त्याच पुंजक्यांच्या जागी फिकट. तिथे एन्झाइमला कुणी थेट चेतवलेलं नाही, मारलेलंही नाही. त्या पेशींचा वाणच बदललाय. गॅमा-जीटी गर्भाच्या यकृतात भरपूर असतं, मोठेपणी जवळपास बंद पडतं. इथे ते पुन्हा सुरू झालंय.

यकृत वाटून एकजीव (होमोजिनेट) केलं की हे पुंजके बाकीच्या उतीत मिसळतात आणि हाती उरते ती सरासरी. म्हणून आकडे प्रति मिलिग्रॅम प्रथिन द्या, सीरमही मोजा, आणि यकृताचा एक तुकडा कापांसाठी गोठवून ठेवा. गाइड म्हणतील खर्च वाढतो. वाढतोच.