खेचर वांझ, मग हे फुलपाखरू कुठून आलं?

प्रश्न (एक वाचक, चिपळूण): ताई, परवा आमच्या परसातल्या कागदी लिंबावर फुलपाखरांची जोडी लागलेली दिसली. एक काळं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी माळ असलेलं. दुसरंही काळं, पण त्याच्या मागच्या पंखांवर लाल ठिपके आणि मधे पांढरे डाग. आठवीतला मुलगा म्हणतो, या दोन वेगळ्या जाती आहेत, आता संकर होणार. खरं आहे का?

प्रश्न (एक वाचक, सध्या मुलीकडे न्यू जर्सीत): इथल्या बागेत मोठी पिवळी, काळ्या पट्ट्यांची फुलपाखरं येतात. अधूनमधून त्याच आकाराचं एखादं जवळजवळ काळंही येतं. जावईबापू म्हणतात, दोन्ही एकच. शिवाय, याच कुळातल्या एका फुलपाखराची जात संकरातून तयार झाली आणि त्या शोधात आपले फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे होते, असंही ते सांगतात. पण खेचर तर वांझ असतं ना? मग संकरातून जात कशी होईल?

उत्तर: पत्रं एकाच आठवड्यात आली आणि दोन्हींचं उत्तर एकाच वेलीपाशी जाऊन पोचतं, म्हणून एकत्रच लिहिते.

आधी चिपळूणचं लिंबू. चिरंजीवांची नजर चांगली आहे, निष्कर्ष चुकला. तुम्ही पाहिलेलं जोडपं कॉमन मॉर्मनचं, एकाच जातीचं. पांढऱ्या माळेचा तो नर. लाल ठिपक्यांची ती त्याचीच मादी, कॉमन रोज नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराचा वेश घेतलेली. कॉमन रोजची अळी सापसंदाच्या वेलीवर वाढते आणि त्या वेलीतलं विष अंगात साठवते. पक्षी एकदा चोच मारून पस्तावला की पुन्हा तसल्या रंगाच्या वाटेला जात नाही. मॉर्मनची अळी लिंबू नाहीतर कढीपत्ता खाते, तिच्या अंगात विष कुठलं? म्हणून नुसते कपडे उसने. ओळखायची खूण पंखांवर नाही, धडावर आहे. रोजचं धड लालभडक असतं, मॉर्मनबाईंचं काळं. गंमत म्हणजे मॉर्मनच्या सगळ्या माद्या वेश घेत नाहीत, काही सरळ नरासारख्याच दिसतात. कुंटे आणि सहकाऱ्यांनी 2014 साली दाखवून दिलं, की हा सगळा साज ‘डबलसेक्स’ या एका जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांवर ठरतो.

आता न्यू जर्सी. जावईबापू बरोबर आहेत. ते ईस्टर्न टायगर स्वॅलोटेल. नर नेहमी पिवळा, मादी पिवळी किंवा काळी. काळी मादी नक्कल करते पाइपवाइन स्वॅलोटेलची, आणि त्याची अळी ज्या वेलीवर पोसते ती आपल्या सापसंदाचीच बहीण, ॲरिस्टोलोकिया. समुद्रापलीकडे गेलात तरी विषाचं दुकान तेच, आणि त्या दुकानाची पाटी चोरणारेही आहेतच.

पण तुमचा खरा प्रश्न पुढचा आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडे या वाघपट्ट्यांच्या दोन जवळच्या जाती आहेत. दक्षिणेकडची ईस्टर्न, ऊबदार हवेत राहणारी, वर्षात दोन किंवा अधिक पिढ्या काढणारी, काळ्या माद्यांची. उत्तरेकडची कॅनेडियन, थंडी सोसणारी, वर्षाला एकच पिढी, आणि काळ्या माद्या नाहीतच. आणि अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या उंच, गार भागात तिसरं एक फुलपाखरू आहे. ते थंडीत राहतं कॅनेडियनसारखं, पिढी काढते तीही वर्षाला एकच, पण काळ्या माद्याही असतात, ईस्टर्नसारख्या! या तिसऱ्याला 2002 साली वेगळी जात म्हणून नाव मिळालं, पॅपिलिओ अ‍ॅपलेशिएन्सिस.

कुंटे तेव्हा हार्वर्डमध्ये होते (आता बंगळूरच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत आहेत). त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2011 साली या तिघांची जनुकं तपासून काय सांगितलं ते घरच्या भाषेत सांगते. माणसात मुलग्याची गुणसूत्रं एक्स आणि वाय अशी बेजोड असतात. फुलपाखरांत उलटं, तिथे बेजोड जोडी मादीची, झेड आणि डब्ल्यू. डब्ल्यू गुणसूत्र आजीच्या नथीसारखं आईकडून फक्त लेकीला मिळतं. अ‍ॅपलेशियन फुलपाखराची ही नथ ईस्टर्नकडची निघाली, आणि काळा रंग तिच्याबरोबरच येतो. फक्त आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियातला डीएनएही ईस्टर्नचाच. उलट झेडवरची, थंड हवेशी निगडित जनुकं कॅनेडियनची. बाकीच्या जनुकांत दोघांचाही वाटा. म्हणजे आजोळ दक्षिणेचं आणि गारठा सोसायची ताकद उत्तरेची. या मिश्रणाला डोंगरमाथ्यावर स्वतःची जागा मिळाली. तिथे आजोळच्यांना गारठा सोसत नाही, आणि कॅनेडियनकडे काळा वेश नाही.

खेचराचं काय? घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराची 63. बीजपेशी तयार होताना जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून खेचर वांझ. पण प्रत्येक संकराचं गणित इतकं बिघडत नाही. बिघडलं तरी बहुधा आधी एकाच लिंगाचं बिघडतं. जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञांनी 1922 साली नियम मांडला, की संकरित पिढीत एकच लिंग नाहीसं, दुर्मिळ किंवा वांझ असेल तर ते बेजोड गुणसूत्रांचं असतं. (हे तेच हाल्डेन, जे 1957 साली भारतात येऊन इथलेच झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले.) फुलपाखरांत त्याचा अर्थ असा, की लेकी वांझ निघाल्या तरी मुलगे धडधाकट असू शकतात. ते पुन्हा मूळ जातीतल्या मादीशी जुगतात आणि परकी जनुकं हळूच आत शिरतात. दार बंद, पण खिडकी उघडी.

इथे एक कबुली. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले तेव्हा एर्न्स्ट मायर यांची 1942 ची व्याख्या फळ्यावर चौकटीत लिहायची. जात म्हणजे आपसात प्रजनन करणारा आणि इतरांपासून प्रजननाने तुटलेला समूह. एका मुलीने उत्तरात ‘बहुतेक वेळा तुटलेला’ असं लिहिलं. मी ‘बहुतेक वेळा’ला लाल रेघ मारून अर्धा गुण कापला. पुढे जेम्स मॅलेट यांचा 2005 चा लेख वाचनात आला. प्राण्यांच्या निदान 10 टक्के आणि वनस्पतींच्या 25 टक्के जाती निसर्गात कुणा ना कुणाशी संकर करतात, असा त्यांचा अंदाज आहे. ती मुलगी आता कुठे आहे ठाऊक नाही. तो अर्धा गुण तिचा माझ्याकडे आहे.

मॅलेट यांची हयात दक्षिण अमेरिकेतल्या हेलिकोनियस फुलपाखरांत गेली, आणि संकराचा सगळ्यात गाजलेला पुरावा तिथलाच. कोलंबियातल्या हेलिकोनियस ह्युरिपाच्या पंखावर लाल आणि पिवळा असे दोन पट्टे असतात. लाल पट्टा एका शेजारी जातीचा, पिवळा दुसरीचा. 2006 साली शास्त्रज्ञांनी त्या दोन जातींचा प्रयोगशाळेत संकर केला, तर काही पिढ्यांतच ह्युरिपासारखा पंख हातात आला. जोडीदारही ती आपल्याच पट्ट्यांचा निवडतात, त्यामुळे आईबापांत परत मिसळणं कमी. 2024 साली ॲमेझॉनमधल्या हेलिकोनियस एलेव्हेटसची कथा आली. त्याच्या जनुकसंचातला जेमतेम 1 टक्का दुसऱ्या जातीकडचा आहे, पण नेमके पंखांचे रंग, गंध, जोडीदाराची आवड असले कळीचे गुण त्यात आले.

म्हणून उठसूट प्रत्येक संकर नवी जात होतो असं समजू नका. बहुतेक वाया जातात. अर्धवट नक्षीचं फुलपाखरू पक्ष्यांना ओळखीचं नसतं, ते बिनदिक्कत खातात.

चिपळूणच्या चिरंजीवांना एक काम सांगते. त्या लिंबावर औषध फवारू नका. लाल ठिपक्यांची, काळ्या धडाची मादी पानावर अंडी घालताना दिसली, तर तेवढ्याच पानांना दोरा बांधून ठेवायचा, कारण लिंबावर लाइम बटरफ्लायच्या अळ्याही तशाच असतात. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, मोठेपणी हिरव्या. अळ्या जाळीच्या डब्यात रोज ताजी पाने देऊन वाढवायच्या. एकाच आईच्या लेकी कधी सगळ्या लाल ठिपक्यांच्या निघतात, कधी काही तशा आणि काही बापासारख्या. त्याच्या डब्यात किती तशा, किती अशा, ते वहीत लिहून मला कळवावं.