देवमासे दिसायला सारखेच, मग वेगळे का मोजायचे?

प्रश्न : हंपबॅक देवमाशांची संख्या आता वाढते आहे असं वाचलं. मग अरबी समुद्रातले हंपबॅक धोक्यात कसे? समुद्राला भिंती नसतात. इथले कमी झाले तर दुसरीकडचे येतीलच ना? आणि सारखे दिसणारे प्राणी जनुकांवरून वेगळे कसे ओळखतात?
– एक वाचक

उत्तर : ‘दुसरीकडचे येतील’ हेच नेमकं घडत नाही. बहुतेक हंपबॅक थंड समुद्रात पोट भरतात आणि विणीसाठी उष्ण समुद्रात येतात. अरबी समुद्रातले मात्र बारा महिने तिथेच असतात, कारण मोसमी वाऱ्यांमुळे ओमानजवळ खोलातलं पोषक पाणी वर येतं आणि खाणं तिथेच मिळतं. शिवाय दक्षिण हिंदी महासागरातल्या हंपबॅकांचा विणीचा हंगाम यांच्यापेक्षा सहा महिने पुढेमागे असतो. गाठ पडली तरी जोड्या जमणं कठीण! २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हा गट सुमारे ७० हजार वर्षं इतरांपासून तुटलेला आहे. ओमानजवळ त्यांची संख्या शंभराच्या आतच भरते. १९६६च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात दोनशेहून अधिक हंपबॅक मारले, ती तूट बाहेरून कुणी भरून काढलेली नाही.

आता ओळखण्याबद्दल. आमच्या प्रयोगशाळेत येतो तो कातडीचा तुकडा पेन्सिलीमागच्या खोडरबराएवढा असतो : वर काळी त्वचा, खाली पांढरट चरबी. होडीतून धनुष्याने बाण मारतात. त्याच्या टोकाला छोटी पोकळ नळी असते. बाण अंगाला लागून उसळतो आणि पाण्यावर तरंगतो. तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवून आम्ही त्वचेतून डीएनए काढतो.

मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतला ऊर्जा तयार करणारा भाग. त्यातला डीएनए फक्त आईकडून येतो. पिल्लू चरण्याची जागा आईच्या मागे फिरून शिकतं, त्यामुळे दोन गट या डीएनएत वेगळे दिसले तरी नर इकडेतिकडे जाऊन संकर होत असू शकतो. म्हणून आई-बाप दोघांकडून येणारा, पेशीकेंद्रातला डीएनएही तपासावाच लागतो. नुसत्या मायटोकाँड्रियावर निष्कर्ष काढलेला मला पटत नाही. उलटही लक्षात ठेवा : पिढीला मोजके प्राणी ये-जा करत असले, तरी जनुकांत दोन गट जवळजवळ एकच दिसतात. तेवढ्या ये-जा करणाऱ्यांनी एका गटातली घट भरून निघत नाही. ‘फरक सापडला नाही’ म्हणजे ‘एकच गट’ असं मी कधीही लिहून देणार नाही.

मेक्सिकोच्या आखातातले देवमासे वर्षानुवर्षं ब्रायडी देवमासे समजले जात. जनुकं आणि कवटी तपासल्यावर २०२१ मध्ये ती वेगळी जात, राईसचा देवमासा, म्हणून नोंदली गेली. जगात ते पन्नासच्या आसपास उरले असावेत.

वेगळं मोजण्याचा उपयोग कायद्यात होतो. अमेरिकेने २०१६ मध्ये हंपबॅकांचे १४ गट धरले. नऊ गटांना संकटग्रस्त यादीतून वगळलं, पण अरबी समुद्राचा गट यादीत ठेवला. सगळ्यांची बेरीज एकत्र केली असती तर वाढत्या आकड्याखाली हे शंभराहून कमी प्राणी दिसलेही नसते, आणि जाळ्यांत अडकून किंवा जहाजांच्या धडकेने त्यांतला एकेक जात राहिला असता.

अरबी समुद्रातले बहुतेक नमुने ओमानचे आहेत. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मेलेला देवमासा लागला तर तो पुरण्याआधी वनखात्याला कळवा आणि कातडीचा नमुना घ्यायला सांगा. कुजायला लागलेल्या कातडीतूनही पुष्कळदा पुरेसा डीएनए मिळतो.