जुना अँटेना ट्यूनर सुधारून वापरावा की स्वतः बनवावा?

गुहागरला घर, हातात हौशी रेडिओचा (हॅम) नवा मर्यादित परवाना, माडाला बांधलेली एक लांब तार, आणि तिच्यासाठी सुधारून घ्यायला कुणाचा तरी जुना जॉन्सन मॅचबॉक्स, म्हणजे अँटेना रेडिओ सेटशी जुळवून देणारा तयार ट्यूनर, मिळतोय, असं तुम्ही लिहिलंय. मॅचबॉक्स मिळतोय तर जरूर घ्या, पण त्याला कात्री लावू नका. तारेसाठी ट्यूनर घरीच बनवा.

मॅचबॉक्स १९५० च्या दशकातला, मुळात बॅलन्स्ड फीडरसाठी, म्हणजे सेटपासून अँटेनापर्यंत समांतर जाणाऱ्या दोन तारांसाठी घडवलेला. त्यावर ८०, ४०, २०, १५ आणि १० मीटर तरंगलांबीचे एवढेच बँड (लहरींचे पट्टे). ३०, १७ आणि १२ मीटर हौशींना मिळाले ते १९७९ च्या जागतिक रेडिओ परिषदेत. मग हे बँड साधायला लोक कॉइलला मध्येच जोड (टॅप) काढतात, १६० मीटरसाठी जादा कपॅसिटर ठोकतात. आत स्विच आणि कॉइल एकमेकांत असे गुंतलेत की एक बँड साधताना दुसरा बिघडतो. पुढेमागे डबलेट, म्हणजे मधोमध दोन तारांचा फीडर जोडलेला अँटेना, बांधलात तर तो आहे तसाच कामाला येईल.

एका तारेला एल नेटवर्क पुरे: एक कॉइल, एक गँग (फिरवून कमीजास्त करायचा कपॅसिटर). तारेचा इम्पीडन्स (रेडिओ लहरींना होणारा विरोध, ओहममध्ये) जास्त असेल तर गँग अँटेनाच्या बाजूला, कमी असेल तर सेटच्या बाजूला. त्यासाठी एक स्विच ठेवा. ५० वॅटला १००० ओहमवर शिखर व्होल्टेज सव्वातीनशेच्याही आत राहतं, जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा गँग तेवढं सोसतो. फक्त ४० मीटर बँडवर बोलायचं असेल तर तार २० मीटरच्या आसपास ठेवू नका; अर्ध्या तरंगलांबीला व्होल्टेज फार चढतं.

कॉइलला मोटर रिवाइंडिंगवाल्याकडची इनॅमलची तार आणि पीव्हीसी पाइप. रोलर कॉइलचा, म्हणजे तारेवर चाक फिरवून कमीजास्त करायच्या कॉइलचा, मोह मात्र आवरा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तिचं चाक आणि तार काळी पडते, आणि पावसाळ्यानंतर फिरवलं की एसडब्ल्यूआरचा (अँटेना किती जुळलाय ते दाखवणारा) काटा नाचायला लागतो. टॅप काढून डाग दिलेल्या कॉइलला ते दुखणं नाही. टॅपला लावायची क्लिप गंजली तर नवी लावायची, दहा-वीस रुपयांचं काम.

अर्थिंगचं वेगळं सांगतो. जांभ्यात पहार शिरत नाही, आणि शिरली तरी वैशाखात ती जमीन कोरडी ठणठणीत. त्यापेक्षा पाव तरंगलांबीच्या दोन-चार तारा अंगणात पसरा आणि ट्यूनरच्या ग्राउंडला जोडा. वळवाचे ढग दिसले की अँटेना बाहेरच्या बाहेर सोडवून ठेवा. वीज पडली तर ट्यूनर, जुना असो की नवा, सेटला वाचवत नाही.