टाकीत डिझेल आहे, मग गाडी का बंद पडते? – वाचकांचे प्रश्न

यावेळी एसयूव्हीवाल्यांनी पाठवलेल्या तक्रारी सगळ्या इंधनाच्याच आहेत, आणि जवळपास प्रत्येकात एक गोष्ट सारखी दिसते, ती म्हणजे आधी महागाचा पार्ट बदलून टाकला आणि प्रेशर किती येतंय ते कुणी बघितलंच नाही. म्हणून उत्तरं जरा सविस्तर देतोय.

प्रश्न : माझी डिझेल एसयूव्ही सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते. पण तासभर चालवून बंद केली आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत सेल्फ मारला की नुसती घरघर, चालूच होत नाही. थंड झाली की परत व्यवस्थित. बॅटरी बदलली, सेल्फ बदलला, आता पंप बदला म्हणतायत. बदलू का?

थांबा, पंप लगेच बदलू नका. तुम्ही जे लिहिलंय ना, थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर हट्ट, त्यातच अर्धं उत्तर आहे. कॉमन रेल इंजिनला (यात सगळ्या इंजेक्टरना रेल नावाच्या एकाच जाड नळीतून जास्त प्रेशरचं डिझेल मिळतं) चालू व्हायला रेलमध्ये साधारण २०० ते ३०० बार तरी प्रेशर लागतं, तेवढं झाल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर (डिझेल फवारणारा पार्ट) उघडतच नाही, मग तुम्ही कितीही सेल्फ मारा. आता डिझेल गरम झालं की पातळ होतं, आणि इंजेक्टर आतून झिजलेला असेल तर ते पातळ डिझेल फटीतून रिटर्न लाइनला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत, पळतं, सेल्फवर इंजिन हळू फिरत असतं म्हणून पंपाला ते भरून काढता येत नाही. थंड डिझेल जाडसर असतं, ते तेवढं गळत नाही, म्हणून सकाळी सगळं छान वाटतं.

मेकॅनिकला दोन गोष्टी करायला सांगा. पहिली, स्कॅनर लावून गाडी गरम असताना सेल्फ मारताना रेल प्रेशर किती होतंय ते बघायचं, नुसते एरर कोड वाचून पुसायचे नाहीत. दुसरी, इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला वेगळी नळी लावून वेगळ्या बाटलीत सोडायची आणि थोडा वेळ इंजिन चालवून बघायचं, गाडी चालूच होत नसेल तर सेल्फवर. तीन बाटल्यांत तळाला थोडंसं आणि चौथी निम्मी भरली तर चोर सापडला, एका इंजेक्टरचं काम आहे, पंप बिचारा ठीक आहे. चारही बाटल्यांत थोडं थोडंच असेल आणि तरी प्रेशर येत नसेल तर मग पंप, त्याचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) किंवा रेलवरचा प्रेशर व्हॉल्व्ह, असं पुढे जायचं. आणि त्या सगळ्याच्याही आधी डिझेल फिल्टर कधी बदललाय आणि लाइनमध्ये कुठून हवा तर घेत नाही ना, हे बघा, फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा लावला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

एक कळकळीची विनंती. जुन्या डिझेल गाड्यांत इंजिन चालू ठेवून नोझलचा नट ढिला करून बघायची सवय असते, ते कॉमन रेलवर अजिबात करू नका आणि कुणाला करूही देऊ नका. चालू इंजिनमध्ये तिथे हजार-दोन हजार बार प्रेशर असतं, केसाएवढी धार कातडीतून आत शिरते, बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडायला लागतं. तसं कधी झालंच तर दुखत नाही म्हणून घरी थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटलला जायचं आणि डिझेल प्रेशरने आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं.

प्रश्न : पेट्रोल ऑल व्हील ड्राइव्ह आहे. काटा पाव टाकी दाखवतो आणि गाडी झटके देऊन बंद पडते, पेट्रोल टाकलं की चालू. पंप नवीन टाकला तरी तेच. काटा खोटा आहे का?

काटा कदाचित खरंच सांगतोय. तुमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट टाकीच्या खालून मधून जातो, त्यामुळे टाकी घोड्याच्या खोगिरासारखी असते, डावीकडे एक कप्पा आणि उजवीकडे एक. पंप मात्र एकाच कप्प्यात. दुसऱ्या कप्प्यातलं पेट्रोल इकडे ओढायला एक छोटा जेट पंप असतो, त्याला मोटर वगैरे काही नसते, मुख्य पंपाच्या प्रवाहाचा एक भाग बारीक भोकातून जोरात सोडायचा आणि त्या ओढीने पलीकडचं पेट्रोल खेचायचं, एवढंच. ते भोक कचऱ्याने बुजलं किंवा टाकीतली आतली नळी निसटली की पलीकडे पेट्रोल तसंच पडून राहतं आणि पंपाचा कप्पा कोरडा होतो. पंप बदलताना ती नळी नीट बसवली नाही तर नव्या पंपावरही अगदी हेच होणार, आणि माझा पहिला संशय त्यावरच आहे.

तपासायला सोपं आहे. अशा टाकीला बहुतेक वेळा दोन फ्लोट, म्हणजे पातळी मोजणारे तरंगते तुकडे, असतात, स्कॅनरवर दोन्हीची रीडिंग वेगळी दिसत असतील तर गाडी बंद पडते त्या वेळी बघा, एक तळाला आणि दुसरा वर असेल तर हाच घोळ. नाहीतर मागच्या सीटखालची दोन्ही झाकणं उघडून आत टॉर्चने बघायचं, पण इग्निशन बंद ठेवून, मोकळ्या हवेत आणि बॅटरीची वायर काढून. तोपर्यंत अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, कारण पंप पेट्रोलनेच थंड राहतो, कोरडा फिरला तर नवा पंपही जाईल.

प्रश्न : पेट्रोल भरलं की पंपावरच गाडी चालू होत नाही, खूप सेल्फ मारल्यावर धूर सोडत होते. एरवी काही त्रास नाही.

पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय असं वाटतं. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठते आणि हा व्हॉल्व्ह ती हळूहळू इंजिनला देतो, तो बंदच होत नसेल तर टाकी भरताना बाहेर ढकलली गेलेली सगळी वाफ थेट इंजिनमध्ये जाते आणि मिश्रण फार रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं. तात्पुरता उपाय म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, बहुतेक गाड्यांत त्या वेळी ईसीयू पेट्रोल बंद करतो. व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून बघता येतो, करंट नसताना त्यातून हवा जायला नको. आणि हो, नोझल खट् झाल्यावर राउंड फिगरसाठी वरून आणखी भरू नका, ते जास्तीचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये जातं आणि तो डबाच खराब करतं.

प्रश्न : डिझेल फिल्टरमधल्या पाण्याची लाइट सारखी लागते. पाणी काढलं की जाते, काही दिवसांनी परत. यावेळी फिल्टरमध्ये चमकीसारखं काहीतरी दिसलं. चालवत राहिलो तर चालेल का?

पाण्याचं एकवेळ बघता येईल, पण चमकी दिसली असेल तर गाडी आजच उभी करा. हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल नसतं हो, डिझेलच त्याचं वंगण, आणि पाण्याला तो गुण नाही, त्यामुळे पंपात धातूवर धातू घासतो आणि चुरा निघतो. काही पंपांचं हे दुखणं चांगलंच माहितीतलं आहे, बॉशच्या सीपी४ पंपावरून तर अमेरिकेत ग्राहकांनी कोर्टकचेऱ्या केल्या. तो चुरा रेलमध्ये जातो, इंजेक्टरमध्ये जातो, रिटर्नमधून परत टाकीत येतो, म्हणून नुसता पंप बदलून उपयोग नाही, उरलेला चुरा नवा पंप आणि इंजेक्टर दोन्ही खाईल. टाकी उतरवून साफ, लाइन फ्लश, फिल्टर नवा, रेल आणि इंजेक्टर उघडून तपासणी, हे सगळं एकदमच करावं लागतं. खर्च मोठा आहे, मला कल्पना आहे, म्हणूनच आधी फिल्टर कापून आतला कागद पांढऱ्या कपड्यावर उलगडा आणि त्यावरून चुंबक फिरवा. लोखंडी कण चिकटले तर शंकेला जागा नाही. फोटो काढून ठेवा, फिल्टरही जपून ठेवा, वॉरंटी असेल तर तोच पुरावा.

पाणी मात्र येतंय कुठून ते शोधाच. टाकीचं झाकण, त्याचं रबर, ब्रीदरची, म्हणजे टाकीत हवा येण्याजाण्याची, नळी बघा, आणि नेहमी एकाच ठिकाणी भरत असाल तर जागा बदलून पाहा.

प्रश्न : चालत्या गाडीत एकदम इंजिन बंद पडलं, मागे ट्रक होता, थोडक्यात वाचलो. अर्ध्या तासाने आपोआप चालू झाली. वर्कशॉप म्हणतं कोड नाही, म्हणून बिघाड नाही.

कोड नाही म्हणजे बिघाड नाही, हे मला अजिबात मान्य नाही. टाकीतला पंप गरम होऊन अडकतो आणि थंड झाला की परत फिरतो, आणि बऱ्याच गाड्यांत कमी प्रेशरच्या लाइनला सेन्सरच नसतो, मग कोड येणार कुठून? २०२० पासून टोयोटा, होंडा, सुबारू अशा कंपन्यांनी डेन्सोचे पंप असलेल्या लाखो गाड्या परत बोलावल्या, कारण पंपातला प्लॅस्टिकचा इम्पेलर, म्हणजे इंधन ढकलणारं चक्र, इंधन शोषून फुगत होता आणि कव्हरला घासून पंप थांबत होता. तुमची गाडी कुठलीही असो, चॅसी नंबर टाकून कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल आहे का ते आजच बघा, रिकॉल असेल तर दुरुस्ती फुकट होते. नसेल तर लाइनवर गेज लावून गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवायला लावा, आणि टाकीवरचा कनेक्टर काढून पिन काळ्या पडल्यात का, प्लॅस्टिक वितळलंय का, रिले गरम होतोय का हेही बघायला सांगा. खात्री होईपर्यंत हायवेवर नेऊ नका, घरच्यांना घेऊन तर नकोच. तक्रार लेखी द्या, तारीख, स्पीड, टाकीत किती होतं, बाहेर ऊन होतं का, सगळं लिहा, जॉब कार्डावर तुमच्याच शब्दांत उतरवून घ्या.

प्रश्न : डिझेल गाडीचं ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय. चांगलंच आहे ना?

नाही, वाईट आहे. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, जाळून साफ करायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, आणि रोज दोन-चार किलोमीटरच फिरणं असेल तर ते काम अर्ध्यात तुटतं आणि डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंग आणि टर्बो दोन्ही धोक्यात. डिपस्टिकवर मॅक्सच्या वर गेलं असेल तर चालवू नका, ऑइल आणि फिल्टर बदला. एखादा इंजेक्टर गळतोय का तेही तपासून घ्या, आणि त्यानंतर अधूनमधून गाडी मोकळ्या रस्त्यावर एका स्पीडने वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा. तरीही लेव्हल वाढतच राहिली तर डिपस्टिकचे फोटो तारखेसकट पाठवा, पुढच्या अंकात बघू.