डिपॉझिट नेमके कोणाकडे अडकले आहे?

प्रश्न : पुण्यात कोथरूडला आम्ही तिघे एका फ्लॅटमध्ये राहत होतो. भाडेकरार इतर दोघांच्या नावावर होता. मी मधूनच, जुन्या रूममेटच्या जागी आलो आणि त्याच्या वाट्याचे ३०,००० रुपये त्याला यूपीआयने दिले. एकूण डिपॉझिट ९०,००० रुपयांचे होते. जागा सोडल्यावर मालकांनी रंगकाम, सफाई आणि चिमणीची दुरुस्ती म्हणून २४,००० रुपये कापून ६६,००० रुपये एका रूममेटच्या खात्यात भरले. त्याने मला फक्त १०,००० रुपये दिले आणि ‘तू कमी महिने राहिलास’ असे सांगितले. मालक म्हणतात, ‘करारात तुमचे नावच नाही.’ मी काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपला राग मालकांवर दिसतो, पण आपली बरीचशी रक्कम आज त्यांच्याकडे नाही. मिळालेल्या ६६,००० रुपयांचे तीन समान वाटे केल्यास आपल्या वाट्याला २२,००० रुपये येतात, म्हणजे १२,००० रुपये रूममेटकडेच आहेत. डिपॉझिट ही परत मिळायची अनामत रक्कम आहे आणि ती किती महिने राहिलो यावर ठरत नाही. भाडे किंवा वीजबिल थकले असेल तर तेवढेच त्यातून वळते करता येते. मालकांशी चाललेला वाद मिटेपर्यंत थांबायला त्याने सांगितले, तरी हे पैसे त्यासाठी अडकवून ठेवण्याचे कारण नाही.

यात एक कच्चा दुवा आहे. आपण पैसे मालकांना दिलेले नाहीत, जुन्या रूममेटला दिले. म्हणून त्याच्याकडून ‘माझ्या वाट्याचे ३०,००० रुपये मला मिळाले असून या डिपॉझिटवर आता माझा हक्क नाही’ असा साधा लेखी मजकूर, व्हॉट्सॲपवर का होईना, घेऊन ठेवावा. यूपीआयची नोंद आणि आपल्याला घरात घेताना झालेले ग्रुपवरचे बोलणेही जपावे. तोंडी ठरलेला व्यवहारही कायद्याने ग्राह्य असतो. अडचण येते ती पुराव्याची.

उरलेल्या २४,००० रुपयांबाबत मालकांचे म्हणणे निदान कागदावर चुकीचे नाही, त्यामुळे ती मागणी करारावर सह्या असलेल्या दोघांनी करावी. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत काढून दोन गोष्टी पाहाव्यात : रंगकामाचा खर्च कोणी करायचा, आणि फर्निचर व उपकरणांच्या यादीत चिमणी आहे का. रंगासाठी ठरावीक रक्कम कापण्याचे कलम अनेक करारांत सर्रास घातलेले असते आणि सही करताना ते कोणी वाचत नाही. ते असेल तर तेवढ्यापुरता वाद सोडून द्यावा. नसेल, तर नेहमीच्या वापराने फिकट झालेल्या भिंतींचा खर्च भाडेकरूंवर टाकण्यास हरकत घेता येते. चिमणीच्या दुरुस्तीचे बिल मागावे. बिलाविना कपात मान्य करू नये.

रूममेटला रक्कम, हिशेब आणि पंधरा दिवसांची मुदत नमूद करून आधी ईमेलने आणि मग स्पीड पोस्टने पत्र पाठवावे. त्यात व्याजाची मागणी स्पष्ट लिहावी, कारण १९७८ च्या व्याज कायद्यानुसार, परतफेडीची तारीख लेखी ठरलेली नसल्यास, न्यायालय अशा लेखी मागणीच्या तारखेपासून व्याज देऊ शकते. पोलिसांत जाण्याची धमकी देऊ नये. हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, असे सांगून ते बहुधा परत पाठवतील.

मुदतीत उत्तर आले नाही, तर १२,००० रुपयांसाठी थेट दावा लावणे परवडणार नाही. त्याऐवजी शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण, म्हणजे दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीत तडजोडीसाठी ठेवायचे प्रकरण, म्हणून अर्ज करावा. तेथे तडजोड झाल्यास लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकेच बळ असते. मात्र तडजोडीला समोरच्याची संमती लागते. तो आलाच नाही, तर दिवाणी दावा हाच मार्ग उरतो. त्यासाठी साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते.